दक्षिणेचा पैसा आणि पुण्याचें विद्यालय

पुण्यांतील उच्च शिक्षणाचा विषय निघाला म्हणजे सन १८२१ सालीं इंग्रज सरकारानें विश्रामबाग वाड्यांत पाठशाळा स्थापिली, एवढें एक वाक्य लिहून बहुतेक लेखक पुढें जातात. वाक्य खोटें नाहीं. परंतु त्या पाठशाळेस पैसा कोठून आला, तो कोणास मिळावा हें कोण ठरवी आणि ठरविण्याचा हा अधिकार त्यास कोणी दिला, हे तीन प्रश्न त्या वाक्यांत बुडून जातात. विद्यापीठें व विद्यालयें यांच्या कारभाराचा इतिहास खरा पाहतां त्यांच्या इमारतींत नसून त्यांच्या जमाखर्चांत असतो, असें आमचें मत आहे. म्हणून पुण्याच्या विद्यालयाची कथा आम्ही जमेच्या बाजूनें सांगणार आहों.

दक्षिणेचें मूळ सेनापति दाभाडे यांच्या तळेगांवच्या दानधर्मांत सांगतात. सन १७३१ सालीं डभईच्या लढाईंत त्रिंबकराव पडल्यावर हा प्रघात पहिल्या बाजीरावानें पुण्यास आणिला. पुढें श्रावणमासीं पर्वतीच्या पायथ्याशीं असलेल्या रमण्यांत दक्षिणा वांटली जाऊं लागली व तीस दूरदूरचे ब्राह्मण येऊं लागले. हें नुसतें अन्नसत्र अगर भिक्षादान होतें असा पुष्कळांचा समज आहे. तो आम्हांस मान्य नाहीं. सामान्य याचकांस थोडेंथोडें द्रव्य मिळे हें खरें. पण शास्त्री व वैदिक यांची परीक्षा होऊन विद्येच्या मानानें रक्कम ठरत असे. परीक्षा आहे, परीक्षक आहेत, याद्या आहेत आणि खजिना सरकारचा आहे. विद्यापीठाचीं निम्मीं अंगें येथेंच सांपडतात. नाहींत तीं दोन : दानाचा हेतु कायम करणारा लेख, आणि ब्राह्मणेतरांस प्रवेश. पुढच्या सव्वाशें वर्षांची हकीकत या दोन उणिवांभोंवतीं फिरते.

सन १८१८ सालीं पेशवाई बुडाली. दक्षिणा एकाएकीं बंद केल्यास पुण्यांतील विद्वान् वर्ग बिथरेल, आणि आहे तशी चालविल्यास पैसा निरर्थक जाईल, अशा पेंचांत एल्फिन्स्टन साहेब सांपडले. त्यांनीं दक्षिणेची रक्कम सालीना ५०,००० रुपयांच्या आंत आणून ठेविली आणि तिचा कांहीं भाग विद्येकडे वळविण्याचें धोरण धरिलें. त्यांच्या जागीं दख्खनचे कमिशनर म्हणून आलेले चॅपलिन यांनीं ता. ६ आक्टोबर १८२१ रोजीं दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबाग वाड्यांत हिंदु पाठशाळा उघडली. योजना शंभर विद्यार्थ्यांची होती व वर्ग दहा होते : धर्मविद्येचे तीन, आणि वैद्यक, वेदान्त, गणित व ज्योतिष, धर्मशास्त्र, न्याय, अलंकार व व्याकरण यांचा प्रत्येकीं एक. मुख्याचार्य राघवाचार्य रामानुज हे होते.

विद्यार्थ्यांविषयींचें धोरण लक्षांत घेण्यासारखें आहे. फी नाहीं, उलट विद्यार्थ्यांसच सरकारांतून वेतन. हा नियम इंग्रजी विद्यालयांच्या चालीचा नव्हे, दक्षिणेच्या चालीचा आहे. घेणारा ब्राह्मण असावा, हेंही तिकडूनच आलें. सारांश, धनी बदलला, वाडा तोच, पैसा तोच आणि घेणारेही तेच. इंग्रज अधिकाऱ्यांनीं स्थापिलेली ही पाठशाळा तिच्या पहिल्या पंधरा वर्षांत कोणत्याही इंग्रजी कल्पनेपेक्षां रमण्यालाच अधिक जवळची होती, असें म्हणण्यास आम्हांस दिक्कत वाटत नाहीं.

एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकांत सरकारचा विचार पालटला. पाठशाळा मोडावी इथपर्यंत गोष्ट आली होती. शेवटीं मोडण्याऐवजीं तिची पुनर्घटना झाली. ज्यांचें नांव मोल्सवर्थ साहेबांच्या कोशाशीं जोडलेलें आहे तेच टॉमस कँडी हे देखरेखीवर आले, वेदाध्ययन मागें पडलें आणि मराठीच्या अभ्यासास जागा मिळाली. याच सुमारास दक्षिणेच्या यादींत नवीं नांवें घालणें बंद झालें. जुना दक्षिणाधारी मेला कीं त्याची नेमणूक शिलकेंत पडे. अशी दरसाल वाढणारी शिल्लक, आणि तिचा हेतु सांगणारा लेख कोणाजवळही नाहीं ! भांडण होणें क्रमप्राप्तच होतें.

तें सन १८४९ सालीं झालें. लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख यांनीं ‘प्रभाकर’ पत्रांतील आपल्या शतपत्रांतून दक्षिणेवर आधींच टीका चालविली होती. त्यांनीं व त्यांच्या मतांच्या मंडळींनीं सरकारास अर्ज केला कीं, दक्षिणेच्या पैशांतून मराठी भाषेंत चांगले ग्रंथ करणारांस बक्षिसें द्यावीं व त्यांत जातीची अट नसावी. शहरांत मोठाच क्षोभ झाला. अर्जदारांच्या संरक्षणास जोतीराव फुले आपलीं माणसें घेऊन उभे राहिले, असें फुल्यांच्या चरित्रकारांनीं नमूद केलें आहे. विरुद्ध पक्षाचें म्हणणें आज हंसण्यावारी नेण्याची चाल पडली आहे. आम्हांस तें बरोबर वाटत नाहीं. हें दान धर्मार्थ आहे, तें पूर्वींच्या राजानें दिलें, तें दुसरीकडे वळविण्याचा अधिकार नव्या राजास नाहीं, हा मुद्दा कायद्याच्या दृष्टीनें पोकळ नव्हता. त्यास आधारभूत असें दानपत्र मात्र नव्हतें. आणि तें नव्हतें म्हणूनच ब्राह्मणेतरांसाठीं दार थोडेंसें किलकिलें झालें. जुन्या कागदांवर जीव टाकणाऱ्या आमच्यासारख्यांस कबूल करणें जड जातें, पण येथें कागद नसण्यानेंच लोकांचें कल्याण झालें.

अर्ज मान्य होऊन दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वांत आली. परंतु नियमांतून जात गेली म्हणजे परीक्षकांच्या मनांतून जाते असें नाहीं. सन १८५५ सालीं फुले यांनीं आपलें ‘तृतीय रत्न’ नाटक याच कमिटीकडे पाठविलें व तें नाकारलें गेलें; कमिटींतील ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढें युरोपियन सभासदांचें कांहीं चाललें नाहीं, असें त्यांनीं ‘गुलामगिरी’ ग्रंथांत स्वतः लिहून ठेविलें आहे.

इकडे सन १८५१ सालीं विश्रामबागेंतील पाठशाळा व सरकारी इंग्रजी शाळा एक होऊन पूना कॉलेज झालें. मग ता. १८ जुलै १८५७ रोजीं मुंबई विद्यापीठाचा कायदा झाला. हें विद्यापीठ लंडनच्या नमुन्यावर बेतलेलें, म्हणजे केवळ परीक्षा घेणारें होतें. गव्हर्नर हा कुलपति, आणि फेलो म्हणून नेमलेल्यांची सेनेट. तिच्या हातीं नियम, परीक्षा व पदव्या. शिकविण्याचा भार सर्वस्वीं कॉलेजांवर. सन १८५९ च्या पहिल्या प्रवेशपरीक्षेस १३२ उमेदवार बसले व २२ उत्तीर्ण झाले, तेव्हां पदवीधर शिक्षक आणावे कोठून ? येथें दक्षिणा पुन्हां उपयोगी पडली. तिच्या पैशांतून ‘दक्षिणा फेलो’ नेमण्यांत आले; त्यांनीं स्वतः पुढचा अभ्यास करावा व खालच्या वर्गांस शिकवावें. रामकृष्ण गोपाळ भांडारकर व महादेव गोविंद रानडे हे दोघेही असे फेलो होते, आणि सन १८६२ सालीं बाहेर पडलेल्या पहिल्या चार बी. ए. पदवीधरांत वामन आबाजी मोडक व बाळ मंगेश वागळे यांच्याबरोबर हे दोघे आहेत. रमण्यांतील शास्त्र्यास परीक्षेअंतीं मिळणारें द्रव्य आणि भांडारकरांस मिळालेली फेलोशिप या एकाच खतावणींतील दोन नोंदी होत.

सातव्या दशकांत दुसऱ्या जातीचा पैसा आला. मुंबईच्या कापसाच्या तेजींत प्रेमचंद रायचंद यांनीं विद्यापीठास ग्रंथालयासाठीं २ लक्ष व मनोऱ्यासाठीं २ लक्ष रुपये दिले. कावसजी जहांगीर यांनीं पदवीदान-मंदिरासाठीं १ लक्ष दिला. पूना कॉलेजास जमशेटजी जीजीभाई यांच्या घराण्याकडून १ लक्ष मिळाला, सन १८६४ सालीं त्याचें नांव डेक्कन कॉलेज झालें, आणि सन १८६८ सालीं तें येरवड्याच्या नव्या इमारतींत गेलें. हीं दानें हेतु स्पष्ट लिहून दिलेलीं होतीं. त्या वेळीं हा फरक कोणाच्या लक्षांत आला असेल असें वाटत नाहीं.

तो लक्षांत आला सत्तर वर्षांनीं. सन १९३४ सालीं सरकारानें डेक्कन कॉलेज बंद केलें. दक्षिणेचा पैसा जसा चार वेळां वळविला गेला तशीच येरवड्याची इमारत व जागाही वळविली जाणार, असें दिसूं लागलें. तेव्हां माजी विद्यार्थी न्यायालयांत गेले. त्यांचा आधार बाजीरावाची दक्षिणा हा नव्हता, एल्फिन्स्टन साहेबांचें धोरण हाही नव्हता. जीजीभाईंचा लक्ष रुपया ज्या कार्यासाठीं दिला गेला त्याच कार्यास तो बांधलेला आहे, हा होता. अखेरीस सन १९३९ सालीं तेंच कॉलेज संशोधन-संस्था म्हणून पुन्हां उघडलें. सन १९९० सालीं तीस अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

पोथ्यांच्या संग्राहकांसाठीं आणखी एक गोष्ट येथें नमूद करणें अवश्य आहे. हिंदु पाठशाळेचा पोथीसंग्रह विश्रामबागेंतून डेक्कन कॉलेजांत गेला. सन १८७९ च्या आगींत विश्रामबाग व बुधवार हे दोन्ही वाडे सांपडले. हा संग्रह मात्र आज भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत आहे. सन १९१७ सालीं तें स्थापन झाल्यावर सरकारी हस्तलिखितें त्याच्या स्वाधीन झालीं, त्यांत तो आला. मंदिराच्या सूचींत कांहीं पोथ्यांच्या क्रमांकापुढें ‘विश्राम’ हा संकेत आढळतो, तो याच वाड्याचा. बुलर, कीलहॉर्न व भांडारकर यांनीं पुढें मिळविलेल्या पोथ्यांवर खरेदीच्या सालाचा संकेत असतो. या पोथ्यांवर साल नसून वाड्याचें नांव आहे. सूची चाळतांना तेवढा भेद ध्यानांत ठेविला असतां दक्षिणेच्या पैशावर चाललेल्या पाठशाळेंत कोणते ग्रंथ होते, याची यादी ज्यास त्यास घरबसल्या करतां येईल.