अणुगर्भाचा पापुद्रा

तव्यावरची भाकरी फुगली म्हणजे तिचा पापुद्रा सुटतो, हें घरोघर ठाऊक आहे. अणुगर्भासही पापुद्रा असतो, व एकाच मूलद्रव्याच्या निरनिराळ्या समस्थानिकांत तो कमीअधिक जाड असतो, हें ज्ञान मात्र अलीकडचें. त्याचा इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

रदरफोर्डनें १९११ सालीं अणुगर्भाचें अस्तित्व दाखविलें. सॉडीनें १९१३ सालीं समस्थानिकांची कल्पना मांडली. मूलद्रव्य तेंच, वजन मात्र भिन्न, हें कसें? १९३२ सालीं चॅडविकला न्यूट्रॉन सांपडला आणि कोडें उलगडलें: प्रोटॉन तितकेच, न्यूट्रॉन कमीअधिक. पुढें १९५० नंतर हॉफस्टॅटरनें इलेक्ट्रॉनांचा मारा करून अणुगर्भ मोजले. त्यांस गोटीसारखी रेखीव कड नाहीं. कडेशीं घनता हळूहळू विरत जाते, असें दिसलें. परंतु इलेक्ट्रॉनास मुख्यतः प्रोटॉनच जाणवतात. कॅल्शियम-४० पेक्षां कॅल्शियम-४८ मध्यें आठ न्यूट्रॉन अधिक; तरी विद्युद्भाराची त्रिज्या जवळजवळ तेवढीच भरते! मग हे आठ राहतात कोठें?

१९८५ सालीं तानिहाता व त्यांच्या सहकाऱ्यांनीं कॅलिफोर्नियांत लिथियम-११ मोजला. तो अपेक्षेहून फारच मोठा निघाला. चंद्राभोंवतीं खळें पडावें, तसे त्याचे शेवटचे दोन न्यूट्रॉन गाभ्यापासून दूरवर पसरलेले असतात. आपल्या मुंबईंतही, भाभांनीं १९४५ सालीं स्थापिलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत, १९८८ सालीं पेलेट्रॉन यंत्र सुरू झालें. लिथियम-६ व लिथियम-७ यांसारख्या सैल बांधणीच्या गर्भांच्या टकरी तेथें अभ्यासिल्या गेल्या.

न्यूट्रॉनांच्या पापुद्र्याचें माप अमेरिकेंतील जेफरसन प्रयोगशाळेनें घेतलें: २०२१ सालीं शिसें-२०८ साठीं सुमारें ०.२८ फर्मी, २०२२ सालीं कॅल्शियम-४८ साठीं सुमारें ०.१२ फर्मी. फर्मी म्हणजे मिलिमीटरचा लक्षकोटीवा भाग. हे दोन आंकडे बहुतेक सिद्धांतांत एकत्र नीट बसत नाहींत.

एवढ्याशा अंतराची एवढी चिंता कां? न्यूट्रॉनांस गर्भाबाहेर रेटणारा जो दाब, त्याच जातीचा दाब न्यूट्रॉन ताऱ्यास स्वतःच्या भारानें कोसळूं देत नाहीं. पापुद्रा जाड, तर तारा मोठा. आमच्या पाटसाच्या उत्तरेकडे, याच पुणें जिल्ह्यांत, खोडद येथील महादुर्बिणीच्या तीस तबकड्या अशाच ताऱ्यांचे रेडिओ-स्पंद टिपतात. दहा-बारा किलोमीटर त्रिज्येच्या त्या ताऱ्याचा आकार ठरविण्याची एक किल्ली शिशाच्या कणाच्या सालींत दडलेली आहे.