दाबोळी ते मुंबई : सव्वा तास

परवा नातवाच्या मुंजीसाठी दाबोळीहून मुंबईला गेलो. तिकिटावर वेळ सव्वा तास. बँकेतली जुनी खोड, आकडा दिसला की पडताळून बघायचा. सरळ हवाई अंतर साधारण ४२५ किलोमीटर, जेट वर गेल्यावर ताशी ८०० च्या आसपास धावते. म्हणजे हिशेबाने अर्धा तास पुरे. बाकीचा वेळ जमिनीवर सरकणे, चढणे-उतरणे आणि मुंबईच्या डोक्यावर घिरट्या घालत नंबर लागण्याची वाट बघणे यातच जातो.

आम्ही मूळ वास्कोचे. माझ्या लहानपणी या अंतराचा हिशेब निराळा होता. १९५५ च्या ऑगस्टमध्ये सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यानंतर सीमा बंद झाली. आगगाडी थांबली, मुंबईची बोट थांबली. त्याच वर्षी पोर्तुगीज सरकारने टी.ए.आय.पी. नावाची विमानसेवा सुरू केली. दाबोळीहून तिची विमाने दमणला जात, दीवला जात, कराचीला जात. मुंबईला मात्र नाही. कराची इथून सव्वाबाराशे किलोमीटरच्या पुढे, मुंबईच्या जवळजवळ तिप्पट! पण जाता येण्याजोगे तेच.

माझा मामा गिरगावात, छापखान्यात नोकरीला. आजी आमच्याकडे असायची. विमानाचा आवाज आला की मी अंगणात धावायचो. एकदा बाबांना विचारलं, "मामा विमानानं का येत नाही?" बाबा म्हणाले, "ते कराचीला जातं रे." कराची म्हणजे मुंबईच्या वाटेवरचे स्टेशन असावे, असे मी कितीतरी दिवस धरून चाललो होतो.

१९५८ साली आजी गेली. मामाचे परवान्याचे कागद फिरत राहिले. त्याला बातमी कळली तेव्हा तेरावासुद्धा होऊन गेला होता. मुलगा ४२५ किलोमीटरवर असताना अग्नी जावयाने दिला. आईने ते कधी बोलून दाखवले नाही, पण तेव्हापासून विमान गेले की ती खिडकी लावून घ्यायची.

१८ डिसेंबर १९६१ ला सकाळी भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. घरातली भांडी फळीवरून खाली आली. आईने आम्हा भावंडांना खाटेखाली ढकलले. मी दहा वर्षांचा, मला भीतीपेक्षा मजाच जास्त वाटली, खोटं कशाला बोलू! इमारती आणि उभी विमाने मुद्दाम वगळली होती, असे पुढे वाचले. त्या रात्री उखडलेल्या धावपट्टीच्या उरलेल्या तुकड्यावरून दोन विमाने अंधारात उडाली. ती गेली, तीही कराचीलाच. दुसऱ्या दिवशी पोर्तुगीज गव्हर्नरने शरणागती पत्करली.

पुढच्या वर्षी मे महिन्यात मामा आला. लोंढ्याला गाडी बदलून, अंगभर कोळशाची धूळ घेऊन. पाय धुतले, आईने पाणी दिले तर घेतले नाही. "आई कुठल्या खोलीत असायची?" एवढंच विचारलं. आईने मधल्या खोलीचे दार उघडून दिले आणि आम्हा पोरांना परसात पिटाळले.