विकिपीडियाच्या चावडीवरील शब्द

१ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाच्या संपादकांनी आपल्या परिभाषेतील काही शब्द थेट गावगाड्यातून घेतले. सामाईक चर्चेची जागा 'चावडी', मत अजमावणे म्हणजे 'कौल'. पूर्वी मुले धुळीवर अक्षरे गिरवीत, त्यावरून सरावाचे पान 'धूळपाटी' झाले. ठरावीक बदल आपोआप करणारी आज्ञावली म्हणजे 'सांगकाम्या'. इतका नेमका प्रतिशब्द विरळाच.

जुन्नर तालुक्यातील पिंपळवंडीविषयी कोणी लिहिले आणि वाक्यापुढे 'संदर्भ हवा' उमटले, तर तो अविश्वास नव्हे. विश्वासार्ह आधाराची ती मागणी असते. 'पानकाढा' हा साचा मात्र गंभीर, कारण त्याद्वारे पान वगळण्याची सूचना केली जाते. नवखा सदस्य येथेच रुसतो. वास्तविक त्याला चर्चापानावर हरकत नोंदवता येते; पान वगळण्याचा अधिकार 'प्रचालका'कडे असतो.