डिस्क-प्रणाली आज्ञा, वॉटफर्ड डीएफएस
चकतीचा आकार, तिच्यातील बदलांचा क्रमांक वगैरे माहिती फाइल न उघडता थेट कार्यप्रणालीकडून मिळवण्याच्या निम्नस्तरीय आज्ञा. एकॉर्न कंपनीच्या बीबीसी मायक्रो (१९८१) या संगणकात हे काम ऑसवर्ड या आज्ञासंचातून होई. इंग्लंडमधील वॉटफर्ड येथील वॉटफर्ड इलेक्ट्रॉनिक्सने याच संगणकासाठी स्वतःची डिस्क-प्रणाली (डीएफएस) रॉमवर विकली.

आज्ञेचा क्रमांक ए रजिस्टरमध्ये आणि उत्तरासाठीच्या जागेचा पत्ता एक्स व वाय रजिस्टरांत ठेवला जाई. क्रमांक १२६ चकतीची एकूण क्षमता चार बाइटांत देई. प्रत्येक सेक्टर २५६ बाइटांचा आणि ट्रॅकमागे १० सेक्टर; म्हणून ८० ट्रॅकच्या एका बाजूचे उत्तर २,०४,८०० येई. क्रमांक १२५ चकतीवरील फाइलींच्या सूचीच्या लेखनाबरोबर वाढणारा आवर्तनांक सांगे, त्यावरून चकती बदलल्याचा अंदाज बांधता येई. रिकामी जागा मात्र सूची वाचून स्वतः मोजावी लागे. ही या रचनेची खरी उणीव.

एकॉर्नच्या सूचीत प्रत्येक बाजूला ३१ फाइली मावत. वॉटफर्डने सेक्टर २ व ३ मध्ये दुसरी सूची ठेवून ही मर्यादा ६२ वर नेली. सेक्टर ० व १ थेट वाचणाऱ्या जुन्या प्रोग्रामांना अर्थातच पहिलीच सूची दिसे. माध्यमाची मांडणी बदलली तरी प्रोग्राम चालत राहावा, यासाठी अशा आज्ञा किती मोलाच्या असतात हे येथे स्पष्ट होते. रिकाम्या जागेबाबतची वरील उणीव मात्र सर्वत्र नाही: युनिक्स परंपरेतील स्टॅटव्हीएफएस हे फंक्शन ब्लॉकचा आकार, एकूण ब्लॉक आणि मोकळे ब्लॉक एकाच वेळी देते.