प्लेगच्या साथीत लोकांनी भय कशाचे धरले?

रोगराईच्या इतिहासात मृतांचे आकडे सापडतात, उपायांची वर्णने सापडतात. परंतु त्या काळी लोकांच्या मनात भय नेमके कशाचे होते, हे फारसे कोणी लिहून ठेवीत नाही. १८९६ साली मुंबईस आलेल्या प्लेगच्या साथीत मात्र ते पदोपदी दिसून येते. ज्ञातिसंस्थेच्या दृष्टीने ती हकिकत मननीय वाटल्यावरून हा अल्प प्रपंच.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागातील रुग्ण पाहून डॉ. अकासियो व्हिएगस ह्यांनी हा ताप प्लेगचाच होय, असे निदान केले. मांडवी म्हणजे गोदीलगतची धान्याच्या वखारींची वस्ती. उंदरांस आयतेच कोठार. पुढील काही महिन्यांत शहरातील जवळजवळ निम्मी माणसे गावोगाव निघून गेली. येथवर भय रोगाचे होते. परंतु रुग्णास सक्तीने रुग्णालयात नेण्याचा हुकूम निघाला आणि लोक प्लेगपेक्षा रुग्णालयासच अधिक भिऊ लागले. ऑक्टोबर १८९६ च्या अखेरीस गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडवरील रुग्णालयावर हल्ला केला. तेथे माणसास मारून त्याच्या अंगातून तेल काढतात, अशी वदंता होती.

ह्या वदंतेस आपण आज हसू. पण क्षणभर त्या चाळीत उभे राहून पाहावे. रुग्ण घरात लपविला जाई, अगदी आसन्नमरण झाल्यावर उघडकीस येई आणि मग नेला जाई. असे रुग्ण वाचणार किती? शेजाऱ्यापाजाऱ्यांस दिसे ते एवढेच, की नेलेला माणूस परत येत नाही. त्यांनी अनुमान चुकीचे काढले खरे, पण डोळ्यांनी पाहिलेले खोटे नव्हते.

पुण्यात गोष्ट अधिक विकोपास गेली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि त्याच सुमारास रँडसाहेबाची तेथे नेमणूक झाली. गोरे सोजीर स्वयंपाकघरात व देवघरात शिरू लागले, सामानसुमान जाळू लागले, बायामाणसांची तपासणी होऊ लागली. घरची अब्रू आणि जीव ह्यांत लोकांनी अब्रूचा धोका मोठा मानला. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी काय केले, ते सर्वश्रुतच आहे. त्याच वर्षी १० मार्च रोजी सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करिता करिता निवर्तल्या. तो वृत्तांतही येथे आठवावा.

सरकारचे भय तरी यथार्थ होते काय? सरकारी दृष्टीने रोग घाणीत, ओलसर जमिनीत व कोंदट हवेत. म्हणून मोऱ्या धुतल्या, भिंतींस चुना लावला, कार्बोलिक शिंपडले. इकडे खेडोपाडी मात्र घरात उंदीर पडू लागले की कुटुंबेच्या कुटुंबे माळावर झोपड्या घालून राहू लागली. उंदराच्या अंगावरील पिसू हीच रोगाची वाहक, असे पॉल-लुई सिमाँ ह्यांनी १८९८ साली कराचीत प्रयोगाने दाखविले. पण विद्वानांस ते पटण्यास आणखी कित्येक वर्षे लागली. अडाणी म्हटल्या गेलेल्या शेतकऱ्याची खूण ह्या बाबतीत तरी अचूक निघाली.

रुग्णालयाचे भय पुढे निवळले ते हुकमाने नव्हे. निरनिराळ्या ज्ञातींस व समाजांस स्वतःची रुग्णालये काढण्याची मुभा मिळाली. पुण्यासही टिळकांनी हिंदूंसाठी रुग्णालय काढले. रोग तोच, मृत्यूही घडतच होते. परंतु पाणी देणारा हात ओळखीचा, स्वयंपाक आपल्या रीतीचा आणि उशाशी घरचे माणूस. मग ‘नेले’ ह्या शब्दातील धास्ती कमी झाली.

लसीची कथाही ह्याच वळणाची. हाफकिन ह्यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस सिद्ध करून १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःस टोचून घेतली. तरी टोचल्याने पुरुषत्व जाते, मनुष्य मरतो, अशा कंड्या पिकल्याच. तेव्हा खोजा समाजाचे तरुण प्रमुख आगाखान ह्यांनी अनुयायांसमक्ष लस टोचून घेतली आणि आपली खुश्रू लॉज ही वास्तू हाफकिन ह्यांच्या प्रयोगशाळेस दिली. शंभर पत्रकांनी झाले नसते, ते त्या एका उघड्या दंडाने केले.

विश्वास बसण्यास वर्षे लागतात, उडण्यास एक बाटली पुरते. ही बाटली फुटली पंजाबात. १९०२ च्या ऑक्टोबरात मुल्कोवाल गावी १०७ जणांस लस टोचली; त्यांपैकी एकाच बाटलीतील लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. दोष हाफकिन ह्यांच्या माथी आला. त्यांचे निर्दोषत्व मान्य होण्यास १९०७ साल उजाडले. त्यांचे नाव मुंबईच्या प्रयोगशाळेस दिले गेले ते १९२५ साली.

पुढे १९१८ साली इन्फ्लुएन्झा आला. आपल्याकडे त्यास मानमोडी म्हणत. प्लेगने वीस-पंचवीस वर्षांत घेतले जवळजवळ तितके, म्हणजे एक कोटीहून अधिक बळी त्याने हिंदुस्थानात काही महिन्यांत घेतले. पण त्यात दारावर सोजीर आला नाही, घर उकरले गेले नाही, गाव सोडून माळावर जावे लागले नाही. माझी आजी दोन्ही साथींतून वाचलेली. प्लेगच्या झोपड्यांची गोष्ट ती आम्हां नातवंडांस पुनःपुन्हा सांगे. मानमोडीत तिचे दोन दीर गेले, हे आम्हांस तिच्या पश्चात कळले.