सी प्रोग्राममधली ॲरेची चूक कंपायलरकडूनच कशी पकडायची?

कॉलेजच्या प्रॅक्टिकलला मी पाच विषयांच्या मार्कांची बेरीज करणारा प्रोग्राम लिहिला होता. घरी उत्तर बरोबर आलं, परीक्षकांसमोर मात्र बेरीज थेट कोटींमध्ये! चूक एवढीच, की बेरजेच्या लूपमध्ये '५ पेक्षा लहान' ऐवजी '५ किंवा त्याहून लहान' अशी अट पडली होती. ॲरेचे नंबर शून्यापासून सुरू होतात, म्हणजे पाच घरांच्या ॲरेत शेवटचं घर ४ नंबरचं. मी नसलेलं सहावं घर वाचत होतो. सी भाषा तिथे अडवत नाही, पुढे मेमरीत जे पडलेलं असेल ते उचलते. घरी तिथे नशिबाने शून्य होतं.

कंपायलर गप्प का बसला? कारण मी त्याला विचारलंच नव्हतं. जीसीसी वापरत असाल तर कमांडमध्ये '-डब्ल्यूऑल' आणि '-ओ२' हे दोन्ही फ्लॅग द्या (फ्लॅग इंग्रजीतच टाइप करायचे; डब्ल्यू आणि ओ कॅपिटल, ओच्या जागी शून्य नको). बरेच जण फक्त पहिला देतात आणि फसतात. ॲरेच्या हद्दीची वॉर्निंग '-डब्ल्यूऑल'मध्ये येते खरी, पण ती तपासणी ऑप्टिमायझेशन चालू असेल तरच होते. माझ्या लूपवर जीसीसीने सांगितलं, की ५ नंबरच्या फेरीत 'अनडिफाइन्ड बिहेवियर' होतंय. मोजणी शून्यापासून, म्हणजे सहावी फेरी. अगदी तीच!

मोबाइलवर टर्मक्समध्ये सी शिकत असाल तर एक लक्षात ठेवा: तिथे जीसीसी टाइप केलं तरी चालतो क्लँग. क्लँग थेट आकडा लिहिलेली चूक, उदाहरणार्थ पाच घरांच्या ॲरेत ५ नंबर, कुठल्याही फ्लॅगशिवाय पकडतो. पण माझ्यासारख्या लूपवर तो काही बोलत नाही.

आणि नंबर युजरनेच टाइप केला तर? तेव्हा दोघेही हतबल. २०१४ मधला हार्टब्लीड हा ओपनएसएसएलमधला बग असाच होता: समोरून आलेल्या लांबीवर विश्वास ठेवून हद्दीपलीकडची मेमरी वाचली जायची. अँड्रॉइड ४.१.१ चे फोनही त्यात सापडले. अशा चुकांसाठी लॅपटॉपवर '-जी' आणि '-एफसॅनिटाइझ=ॲड्रेस' देऊन प्रोग्राम चालवा. हद्द ओलांडली की तो तिथेच थांबतो आणि ओळीचा नंबर दाखवतो. मात्र चुकीचा नंबर स्वतः टाइप करून बघायला विसरू नका, नाहीतर त्यालाही काही दिसणार नाही.