मोरस

जुन्या मराठी घरांतून पांढऱ्या दाणेदार साखरेला 'मोरस' म्हणण्याचा प्रघात होता, आणि सणासुदीला मोरस घालून केलेले पक्वान्न पुढे आले असता तो शब्द कोठून आला याची चौकशी करण्याचे कोणाला कारणही नसे. परंतु मोरस म्हणजे मॉरिशस, हिंदी महासागरातील ते इवलेसे बेट, आणि ज्या उसाची ती साखर होती त्या उसाच्या मळ्यांत ज्या हजारो हिंदी हातांनी कोयता चालविला, त्यांत रत्नागिरीकडच्या आमच्याच कोकण्यांचे हातही होते. साखर परत आली, तिचे नाव स्वयंपाकघरात रुजले. ती पिकविण्यास गेलेली माणसे मात्र बहुतांशी तिकडेच राहिली. ती कशी गेली आणि कशी राहिली, हा इतिहास आपण आपला म्हणून वाचला पाहिजे असे मला कळकळीने वाटते.

इंग्रजांनी हे बेट 1810 साली फ्रेंचांकडून जिंकले आणि 1835 च्या फेब्रुवारीत तेथील गुलामगिरी कायद्याने संपुष्टात आली; तो दिवस जवळ येत असतानाच मळेवाल्यांना स्वस्त मजुरांची चणचण भासू लागली आणि त्यांची दृष्टी हिंदुस्थानाकडे वळली. कलकत्त्याहून निघालेले 'अॅटलास' जहाज 2 नोव्हेंबर 1834 रोजी 36 मजूर घेऊन बेटाच्या पोर्ट लुईस बंदराला लागले, आणि तेथून जो ओघ सुरू झाला त्यात विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसे त्या बेटावर उतरली. मजुरांच्या हालअपेष्टांचा बोभाटा झाल्यामुळे काही वर्षे ही निर्यात बंद पडली. 1842 साली ती पुन्हा खुली झाली ती सरकारी देखरेखीच्या अटीवर, आणि कलकत्ता व मद्रास यांच्याबरोबर मुंबई हेही या वाहतुकीचे बंदर ठरले. मुंबईचा वाटा त्या दोहोंच्या मानाने लहान. परंतु खोताचा तगादा आणि डोंगरउताराच्या वरकस जमिनीवरील अपुरे पीक यांत पिचलेल्या कुळाला, मुंबईच्या गिरण्यांची चाके अद्याप फिरू लागली नव्हती त्या काळात, समुद्रापलीकडचा पगार हाही एक आधार वाटला असल्यास नवल नाही.

जाण्याची सिद्धता सरकारने मोठ्या काटेकोरपणे केली. भरतीवाला गावोगाव फिरे. कित्येकदा तो मळ्यावरून परतलेला 'सरदार', म्हणजे टोळीचा मुकादम असे, आणि आपल्याच गावचा माणूस सांगतो म्हणून त्याच्या शब्दावर विश्वास बसे. बंदरावर वैद्यकीय तपासणी होई, संरक्षक म्हणून नेमलेल्या अंमलदारापुढे माणसाला रुजू करून तो स्वखुशीने जात असल्याची विचारपूस होई, आणि त्यानंतर जहाज सुटे. पोर्ट लुईसच्या धक्क्यावर दगडी पायऱ्या चढून वर गेले की 1849 पासून उभारलेला डेपो लागे. तेथे दोनएक दिवसांच्या मुक्कामात नाव, बापाचे नाव, जात, गाव, वय, उंची, अंगावरील खूण हे सारे दप्तरात चढे, एक क्रमांक मिळे, 1860 नंतरच्या दशकात छायाचित्रही घेतले जाऊ लागले, आणि तो मजूर मळ्याच्या हवाली होई.

ही सारी सिद्धता मुदतीपुरती होती. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपयांच्या आसपास पगार, वर तांदूळ-डाळीचा शिधा. आणि एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापण्याचा निर्दय दंडक. परतीच्या फुकट प्रवासाचा हक्कही पुढे काढून घेण्यात आला, आणि 1867 च्या कायद्याने तर करार पुरा केलेल्या माणसालाही छायाचित्र लावलेला परवाना सदैव जवळ बाळगणे भाग पडले. तो नसल्यास माणूस भटक्या ठरे आणि तुरुंगाची वाट धरी. या जुलमाविरुद्ध 1871 साली आदोल्फ द प्लेवित्झ या युरोपीय गृहस्थाने हजारो जुन्या मजुरांच्या वतीने अर्ज केला, तेव्हा कोठे चौकशीसाठी शाही आयोग नेमला गेला.

कामगार कसा न्यावा हे सरकारला ठाऊक होते. माणसाने परदेशात राहावे कसे, याचा विचार कोणत्याही करारनाम्यात नव्हता. ती सिद्धता त्या निरक्षर माणसांनी स्वतः केली. ज्या कोकणात गावाच्या नावाला 'कर' जोडून माणूस आपली ओळख सांगतो, तेथून गेलेल्यांच्या वंशजांना आडनाव उरले ते बहुधा पूर्वजाच्या साध्या नावाचे, कोणी 'रामजी', कोणी 'बाबाजी', तेही परक्या कारकुनाच्या कानाला जसे पडले तशा वळणाचे. गाव नावातून गळाले, म्हणून ते त्यांनी भूमीवर पुन्हा वसविले: नैऋत्येच्या काळ्या नदीच्या प्रदेशात, व्हाकोआ आणि कास्काव्हेलच्या परिसरात मराठी कुटुंबे एकमेकांच्या आधाराने राहिली; कास्काव्हेलला विठ्ठल-रखुमाईचे देऊळ उभे राहिले; भाद्रपदातील गणपती तेथील नद्यांत विसर्जित होऊ लागला, आणि आज गणेशचतुर्थी ही त्या देशाची सार्वजनिक सुट्टी आहे. मोठ्या मळ्यांचे तुकडे विक्रीस निघाले तेव्हा गाठीला बांधलेल्या पैशांतून हिंदी मजुरांनी जमिनी घेतल्या, आणि मळ्यावरचा करारबद्ध मजूर शेताचा धनी झाला. घरात क्रेओल भाषा आली, तरी मुले शाळेत मराठी शिकतात.

मोका येथील महात्मा गांधी संस्थेत ती जुनी दप्तरे जतन केलेली आहेत, आणि पणजोबाचे गाव शोधणारे वंशज त्या रकान्यांवरून बोट फिरवितात. ज्या कागदाने माणसाचा क्रमांक केला तोच आता त्याला गाव परत देतो. परंतु एक गोष्ट त्या दप्तरात सापडणार नाही. गणपतीत कोकणी माणूस मृदंगाच्या तालावर गोल धरून जाखडी नाचतो. मॉरिशसचे मराठी लोकही तशीच नाचतात आणि तिला 'झाकरी' म्हणतात. बंदरावर उंची मोजली गेली, खूण टिपली गेली, पण पायांत बसलेला तो ताल कोणत्याच रकान्यात लिहिला गेला नाही; आणि म्हणूनच कदाचित त्याला मुदतही लागू झाली नाही.